पायखटका

आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. भांडण नसतं, गिरणी असते. मुरूम गावात बाजारामागं आमचं घर, घराला चिकटून अप्पांची पिठाची गिरणी आणि मधल्या भिंतीला दार. पट्टा फिरायला लागला की 'मीठ दे' एवढं म्हणायचं असलं तरी अर्ध्या गल्लीला कळतं, आमच्या आमटीत मीठ कमी पडलंय. माझी मैत्रीण सृष्टी पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिला वाटलं, अव्वा तिच्यावर खेकसतीये. अव्वा, म्हणजे माझी आई, बिचारी एवढंच विचारत होती की पोहे खातीस का.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं कुणीतरी विचारणारच की एवढे दिवस घरात कुणालाच कसं कळलं नाही. असं कळलं नाही.

तर माझे अप्पा. नाव सिद्रामप्पा. दिवसा गिरणीवाले आणि कार्यक्रम असला की मास्तर. बलभीमकाकांच्या ऑर्केस्ट्रात अप्पा गिटार वाजवायचे. यात्रा, हळद, गणपती, कुठल्या तरी पुढाऱ्याचा वाढदिवस. पापण्यांवरचं पीठसुद्धा धुऊन, केसांना तेल चोपडून, काळा शर्ट घालून ते टेम्पोत पुढं बसले की मला माझेच वडील नवे वाटायचे. गिरणीत त्यांच्याशी कुणी बोललं तर ते दळणाबद्दल. स्टेजवर मात्र लोक खालून ओरडायचे, "मास्तर, ते मघाचं परत!"

मलाही त्यांनीच शिकवलं. यंदा शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी एकटीनं गिटार वाजवली. त्याआधी मी कशी होते विचारा. नववीत आले तरी हजेरीला 'हजर' इतकं हळू म्हणायचे की बाई गैरहजेरीच लावायच्या. त्या दिवशी टाळ्या पडल्या आणि माझ्या आतलं कुठलं तरी झाकण उडालं, ते अजून सापडलेलं नाही. अव्वा म्हणते, "आधी हिच्या तोंडातनं शब्द काढायला सांडशी लागायची, आता कुलूप आणा." मला मात्र वाटायला लागलं होतं की जगात महेश्वरीला न जमणारी गोष्टच नाही.

आणि नेमका तेव्हाच बलभीमकाकांचा तो प्रकार झाला.

अप्पांकडं गिटारचा आवाज मोठा करणारे दोन अँप आहेत. एक जुना, लाकडी पेटीचा, हैदराबादेहून आणलेला. त्याला आम्ही थोरला म्हणतो. त्याचा आवाज घोंगडीसारखा, मऊ आणि उबदार. दुसरा धाकटा, काळा, बुटका आणि तिखट. संथ गाणं असलं की थोरला लागतो. नाचाच्या गाण्यात मधला गिटारचा तुकडा आला की धाकटा, म्हणजे आवाज ढोलकीतनं वर निघतो. पण एकावरनं दुसऱ्यावर जायचं म्हणजे वाकायचं, याचा आवाज कमी करायचा, त्याचा वाढवायचा आणि सरळ उभं राहायचं. तोवर गाणारी पुढच्या कडव्यात.

बलभीमकाका एका दुपारी दळण नसताना गिरणीत आले. आल्या आल्या टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तेव्हाच मला वाटलं की काहीतरी आहे.

"मास्तर, एक बोलू का? राग न्हाय यायचा."

"बोला की."

"परवा ईटच्या कार्यक्रमात पाव्हण्यांनी कानात बोळे घातले."

"कशापायी?"

"तुमच्या गिटारीपायी! कानात सुई टोचल्यावानी लागायली बगा. अंगाईचं गाणं व्हतं, मास्तर. अंगाईचं! लेकरू झोपायचं सोडून भोकाड पसरायलं."

अप्पा हसले. "तुमचे पाव्हणेच नाजूक. बलभीमराव, उलट माझा धाकटा दिवसेंदिवस मंद व्हायलाय. स्पीकर बदलून घेतला, वायरी बदलल्या. चमकच न्हाय राहिली त्याच्यात."

"चमक न्हाय?" बलभीमकाकांनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले.

जाताना त्यांनी मला दारात गाठलं. "पोरी, तुज्या बापाला तोंडावर सांगवंना मला. वीस वर्सं संगं वाजवलंय. पर बेंबळीच्या यात्रंत जर पुन्ना असंच झालं, तर मग कुलदीप कीबोर्डवरच गिटार वाजवंल. त्येच्यात समदे आवाज हाईत." आणि टोपी घालून निघून गेले.

मी त्याच क्षणी सगळं ओळखलं. म्हणजे मला वाटलं की ओळखलं. अप्पांची कंबर दुखते, पोती उचलून. त्यांना सारखं वाकायचा कंटाळा येतो, म्हणून ते धाकटा एकदा लावतात तो काढतच नाहीत आणि अंगाईसुद्धा त्याच्यातनंच वाजवतात. वाकावंच लागलं नाही तर? पायानं एक खटका दाबला की थोरला, परत दाबला की धाकटा. बस! अप्पा वाचले!

हे मी कुठं शोधून काढलं नव्हतं. मोबाइलवर असले खटके ढीगभर दिसतात. पण विकतचा आणण्यात काय मजा? आमच्या गल्लीतल्या रेडिओ-टीव्हीवाल्या रणधीरदादाकडनं वायरींना डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, सळई आणली, पायानं दाबायचा जाड खटका मागवला, तीन जॅक, दोन छोटे दिवे, एक बॅटरी. गिटारची वायर आत, दोन वायरी बाहेर. थोरला चालू असला की लाल दिवा, धाकटा चालू असला की हिरवा. बोटं भाजली, अव्वाच्या चटईला भोक पडलं, पण झालं. दोन्ही अँप एकाच डब्याला जोडले की भुंग्यासारखी गुणगुण यायची. तीसुद्धा दोघांना एकाच बोर्डातनं वीज दिल्यावर गेली. मी अंगणात नाचले.

फक्त डब्याचा घोटाळा झाला. मी घेतला होता मिठाईचा पत्र्याचा डबा, चांगला मजबूत. अप्पांच्या पायाशी नेऊन ठेवला तर ते दोन पावलं मागं सरकले.

"ए बया! ह्याच्यावर लक्ष्मी हाय की!"

बघते तर खरंच. झाकणावर कमळात बसलेली लक्ष्मी, आणि तिच्या बरोबर पोटात माझा खटका.

"खरवडून काढू का?"

"लक्ष्मी खरवडतीस?" अव्वा स्वयंपाकघरातनं ओरडली. "हुच्ची!" म्हणजे येडी. रागावली की अव्वा कानडीत जाते.

मग लाइटच्या बोर्डाचा साधा लोखंडी डबा आणला आणि सगळं पुन्हा जोडलं. तरी अप्पा काही पाय ठेवेनात. "वाद्याचंच अंग हाय ते, मही. वाद्याला पाय लावायचा? माझ्या गुरूनं गिटारीवरनं कुणी ओलांडून गेलं तरी वाजवणं बंद केलं असतं."

"अप्पा, पायपेटी वाजवणारे पायानं भाता मारतात की न्हाय?"

"तो भाता हाय."

"आन हा खटका हाय."

शेवटी रविवारी दुपारी तयार झाले. गिरणी बंद होती. मोरीवर जाऊन पाय घोट्यापर्यंत साबणानं धुतले, पुसले, डब्याला हात लावून तो हात कपाळाला लावला, मग उजव्या पायाचा अंगठा अलगद टेकवला. असं, जसं काही झोपलेल्या मांजरावर पाय ठेवतायत.

"दाबा की जोरात!"

दाबला. लाल दिवा गेला, हिरवा लागला. अप्पांनी गिटारवर एक लांब तुकडा वाजवला. माझ्या दातांतनं कळ गेली. धाकट्याचा वरच्या पट्टीचा नॉब, ट्रेबलचा, शेवटपर्यंत फिरवलेला होता.

अप्पांनी परत दाबला. लाल. तोच तुकडा. आता थोरला, मऊ. मी टाळ्या वाजवल्या.

अप्पांचा चेहरा पडला. "राहू दे बाळा. पहिल्यांदा हुतंच असं."

"काय हुतंय?"

"दिवा बदलतोय, पण आवाज तोच हाय की. एकच अँप चालायलाय तुझा."

मी डबा उलटा केला. डाग तपासले. सगळं जागच्या जागी. "परत वाजवा." हिरवा. आत स्वयंपाकघरात अव्वा शेंगा भाजत होती, आम्ही तिला दिसतही नव्हतो. ती म्हणाली, "अगं बाई, तो किंचाळणारा बंद कर, टाळूला झोंबतोय!" लाल. "हां, आता बरं." हिरवा. "परत लावला का? साकु!" पुरे म्हणून.

कढईपुढं बसलेल्या अव्वाला भिंतीपलीकडनं कळत होतं. अँपच्या पुढ्यात उभ्या अप्पांना कळत नव्हतं.

मी काय केलं सांगू? मी खेळ केला. "अप्पा, तिकडं तोंड करा. मी खटका दाबते, तुमी ओळखा." त्यांना वाटलं, पोरगी खट्टू झालीये, तिचं मन राखावं. भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि तार छेडली. मी खटका दाबला.

"थोरला!"

थोरलाच होता.

"आता?"

मी दाबलाच नव्हता. "धाकटा! बरोबर का?"

"बरोबर."

"आता थोरला. व्हय ना?" हिरवा दिवा लागला होता.

"व्हय अप्पा. सगळी बरोबर."

अप्पा खूश होऊन वळले. "बघ, म्हंजी चालतोय तुझा खटका. फरक बारीक हाय, पण कान लावला की कळतोय."

त्यानंतरचे दिवस मी वाईट काढले. अप्पांच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवायला लागले. कुकरची शिट्टी झाली की अव्वा उठायची, अप्पा तिला उठताना बघून म्हणायचे, "झाली वाटतं." त्यांचा मोबाइल खिशात वाजायचा आणि थरथरायचा, पण त्यांचा हात जायचा तो थरथर लागली म्हणून. गल्लीत पोरं सायकलची घंटी वाजवत मागनं यायची आणि "ओ अप्पा!" ओरडल्यावर मग अप्पा बाजूला व्हायचे. जाडे आवाज त्यांना सगळे येत होते. माणसांचं बोलणं, ढोलकी, गिरणीचा पट्टा. वरचे बारीक आवाज गेले होते. म्हणून तर ते नॉब पुढं पुढं सरकवत होते. अंधार पडायला लागला की माणूस दिव्याची वात वर करतो तसं. आणि दिवा दुसऱ्याच्याच डोळ्यांत जात होता.

मी अव्वाला सांगितलं. मला वाटलं ती 'हुच्ची' म्हणेल. ती शेंगा सोलत होती, तशीच सोलत राहिली. टरफलं बाजूला सारत म्हणाली, "मला वाटलं, माझ्याशी बोलायचा कंटाळा आलाय त्यांना. दोन-दोनदा बोलावं लागायचं." मग म्हणाली, "बेंबळी होऊ दे. तोवर नको सांगू. आवडीनं जातेत गं."

मग मी ठरवलं. ऐटीत ठरवलं, खरं सांगते. बेंबळीला अप्पा वाजवतील आणि बाकीचं सगळं मी करीन. कान माझे.

अप्पांना पटवणं सोपं गेलं, कारण पाय लावायचं त्यांच्या जिवावरच आलं होतं. मी म्हटलं, "तुमचा पाय नको, माझा पाय. मी अँपच्या मागं बसते. तुमी नुस्तं वाजवा."

"तू दाबशील?" ते एकदम हलके झाले. "मग काय अडचण न्हाय. लेकीच्या पायाला दोष नसतो. लेकीचे पाय म्हंजी..." आणि हसून म्हणाले, "डब्यावरली लक्ष्मी आता डब्याच्या मागं बसंल."

बेंबळीला आम्ही दुपार कलल्यावर पोचलो. देवळापुढच्या मैदानात स्टेज होतं, मागं पाळणे, रेवड्यांची, खेळण्यांची दुकानं, धूळ. कुलदीप कीबोर्ड लावत होता. तो बारावीला आहे आणि स्वतःला फार समजतो. मी डबा काढला तर म्हणाला, "हे काय, जेवणाचा डबा का?"

"तुझी सुट्टी करायचं मशीन हाय," मी म्हटलं. तो हसला, पण अप्पांच्या जागी त्याला घ्यायचं चाललंय हे त्याला माहीत होतं. म्हणजे बलभीमकाकांनी त्याच्याशी बोलून ठेवलं होतं. ते त्याच्या हसण्यातनं मला कळलं.

अप्पा चहाला खाली उतरले तेव्हा मी धाकट्याचा ट्रेबलचा नॉब धरला आणि उलटा फिरवला. पार मधल्याही खाली आणला. अप्पा आले, गिटार गळ्यात घातली, दोन-तीन सूर वाजवून बघितले. मला वाटलं, आता म्हणतील, कुणी हात लावला?

अप्पा म्हणाले, "छान. चला."

मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता ना?

कार्यक्रम मात्र असा रंगला! दोन अँपच्या मधे, मागं, मी मांडी घालून बसले होते, डबा पुढं, उजवा पाय लांब केलेला. देवीचं गाणं सुरू झालं, थोरला. गाणारी उमाबाई ओळ संपवून बाजूला झाली आणि अप्पांचा तुकडा आला, धाकटा. खट्! कुणी वाकलं नाही, ठेका सुटला नाही, काही नाही. मला अप्पांची फक्त पाठ दिसत होती, पण ते खांदा जरासा उचलायचे तेव्हाच मी ओळखायचे की आता जाणार. बघता बघता खटका माझा राहिलाच नाही. त्यांचा हात आणि माझा पाय एकाच माणसाचे असल्यासारखे चालले. लोकांनी एक गाणं तीनदा घ्यायला लावलं. अंगाई झाली तर पुढं बसलेल्या बायका पोरांना थोपटायला लागल्या. कुलदीपसुद्धा एकदा मागं वळून माझ्या पायाकडं बघून मान हलवून गेला. मी गालातल्या गालात फुगले होते. वाटलं, झालं! असंच करायचं. आयुष्यभर! मी शाळेतनं येईन, डबा उचलीन, टेम्पोत बसेन. कुणाला कळायचं कारणच नाही.

कार्यक्रम संपला. अजून उजेड होता, पाळणे फिरत होते. वायरी गुंडाळायच्या होत्या. बलभीमकाका स्टेजवर आले आणि त्यांनी अप्पांना सरळ मिठीच मारली.

"मास्तर! आज गिटार म्हंजी लोणी! काय आवाज लावला ओ! वर्सभर असं वाजिवलं असतं तर मी कशाला तोंड वाजिवलं असतं?"

अप्पा लाजले. "रोजच्यासारखंच वाजवलं की."

"न्हाय न्हाय, आज कायतरी येगळं व्हतं. सुई गेली बगा आवाजातली. कुलदीप, व्हय का न्हाय?"

"व्हय ओ, मास्तर. एकदम गोड," कुलदीप म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मला तो खोटं बोलला असता तर बरं वाटलं असतं.

अप्पा अजून हसतच होते. हसत हसत धाकट्याकडं वळले, बंद करायला वाकले आणि तसेच थांबले. मग कंबरेवर हात ठेवून हळूहळू उकिडवे बसले. नॉबकडं बघत राहिले.

"मही."

"काय अप्पा?"

"हे कधी फिरलं?"

मी गॅदरिंगनंतर कधी गप्प बसले नव्हते. तेव्हा बसले.

"वायर काढताना हात लागला का तुझा?" त्यांनी विचारलं. किती सोपी वाट करून दिली होती मला. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. पण त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मला ते जमलं नाही.

"चहाच्या येळेला, अप्पा."

"म्हंजी कार्यक्रमाच्या आधी."

"व्हय."

"सबंध कार्यक्रम असाच झाला."

"व्हय."

अप्पांनी गळ्यातली गिटार काढून माझ्या हातात दिली. "वाजव. वरची तार. थांबू नको." मी वाजवायला लागले. त्यांनी नॉब धरला आणि सावकाश फिरवायला लागले, उलट्याचा सुलटा, वर, वर, अजून वर. ते अँपकडं बघत नव्हते, त्यांचं तोंड मैदानाकडं होतं. आवाज तापत गेला. आधी उमाबाईनं मान फिरवली. मग खाली रेवड्या बांधून घेणाऱ्या दोन बायकांनी वळून बघितलं. पाळण्याशी एका माणसाच्या कडेवर लेकरू होतं, त्यानं त्याचं डोकं आपल्या खांद्यात दाबलं आणि कानावर हात ठेवला. कुलदीपनं दोन्ही कान झाकले आणि ओरडला, "मास्तर, बास की!"

अप्पांनी त्याच्या झाकलेल्या कानांकडं बघितलं. नॉब आणखी पुढं जात नव्हता.

"साकु," ते म्हणाले आणि अँप बंद केला.

मी धाय मोकलून रडायला लागले. मला वाटलं होतं, ते रागावतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बलभीमकाकांना म्हणाले, "ईटच्या पाव्हण्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचे कान चांगले हाईत."

"मास्तर, काय झालं? मला काय कळंना."

"पुढच्या कार्यक्रमापासनं कुलदीपला घ्या."

"अवो, पर आज तर झ्याक झालं! पोरगी हाय की मागं. तिला आणत जावा की."

मीपण हुंदके देत तेच म्हणाले. "मी येते, अप्पा. प्रत्येक कार्यक्रमाला येते. मला काय जड न्हाय."

अप्पा वायर गुंडाळत होते, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, नेहमीसारखी, एक वेढा दुसऱ्यावर न चढवता. "तुझा पाय चालंल गं मला. पाय कुणाचाबी चालतो. पण मी वाजवतोय ते गोड लागायलंय का टोचायलंय, हे मलाच कळंना तर मग मी वाजवतोय काय? नुस्ती बोटं हलवायलोय."

बलभीमकाकांनी टोपी काढली, परत घातली. मग थोरला उचलायला अप्पांना हात लावला. दोघांनी मिळून तो टेम्पोत नेला.

सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. गेलेलं परत येत नाही, म्हणाले, आहे ते जपा. गिरणीत आता अप्पा कानांत बोळे घालतात. बलभीमकाका दोनदा घरी येऊन गेले, चहा घेतला, यंदा ऊन लई हाय म्हणाले. तिसऱ्यांदा आले नाहीत. आता कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी टेम्पो आमच्या गल्लीच्या तोंडावरनं जातो. त्याचा आवाज जाडा आहे. तो अप्पांना येतो.

दोन्ही अँप माझ्या खोलीत आहेत. डबाही. माझा रियाज सुरू असला की अप्पा समोर पोत्यावर येऊन बसतात आणि माझ्या बोटांकडं बघतात. चूक त्यांना अजून बरोबर सापडते. "करंगळी आखडायलीस. तार पुरती दबत न्हाय." काल मी थोरल्यावरनं धाकट्यावर गेले, हिरवा दिवा लागला. तो त्यांना दिसला. म्हणाले, "कसा हाय गं आवाज?"

"चांगला हाय."

"चांगला म्हंजी कसा? तुला एवढं बोलता येतंय, सांग की."

मी विचार केला. पाण्याचं सांगावं, चांदीचं सांगावं, काहीच बसेना. शेवटी म्हटलं, "काचेच्या बांगड्या असत्यात ना अप्पा, हात हलवला की वाजतात. तसा."

अप्पांनी मान हलवली. आठवून बघत होते. मग दारात उभ्या असलेल्या अव्वाकडं त्यांचं लक्ष गेलं. तिच्या हाताला कणीक लागलेली होती आणि मनगटात हिरव्या बांगड्या होत्या.

"तुझ्या वाजत्यात का गं अजून?" त्यांनी विचारलं.

अव्वानं हात हलवला. मला ऐकू आलं.

अप्पा बघत राहिले. "वाजत असतील," ते म्हणाले, आणि अव्वा हात तसाच हलवत राहिली.